मुलाचं नाव ठरवताय? आधी ते फोडून बघा

पुण्यात मुलगा झाला की पेढे वाटून व्हायच्या आधी एक व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो. त्यात सासरचे, माहेरचे, बंगळुरूचा मामा, न्यू जर्सीची आत्या असे सगळे असतात आणि जो तो नावं टाकत सुटतो. दोन दिवसांत शंभरेक नावं जमतात, प्रत्येकापुढे अर्थ पण असतो, 'सूर्याचा पहिला किरण', 'विष्णूचा अंश', 'शांत', 'अद्वितीय', आणि यातले बरेच अर्थ कुठल्यातरी साइटवर कुणीतरी बिनधास्त ठोकून दिलेले असतात, ते तिथून दुसऱ्या साइटने उचलले, तिथून तुमच्या मावशीने उचलले. कॉलेजला संस्कृत घेतलं होतं एवढ्या भांडवलावर हा ग्रुप शेवटी माझ्याकडे येतो. दरवेळी तेच तेच सांगायला लागतं म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून टाकते. पहिलंच बाळ असेल आणि नावांच्या बाबतीत अगदी कोरी पाटी असेल तर हे तुमच्यासाठी आहे. मुलींच्या नावांचा मामला वेगळा आणि मोठा आहे, इथे फक्त मुलगे.

पायरी १: अक्षर पाळायचं की नाही ते आधी मिटवा

हा वाद शेवटी नाही, सुरुवातीला घालायचा. नाहीतर असं होतं की दोघांनी मिळून छान 'अर्णव' ठरवलेलं असतं आणि बारशाच्या आदल्या दिवशी सासूबाई पत्रिका घेऊन येतात, अक्षर 'ठ'.

अक्षर येतं कुठून, तर जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो त्या नक्षत्राच्या चरणावरून. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ अक्षरं, आणि याचा तक्ता पंचांगात असतो त्याला अवकहडा चक्र म्हणतात. अश्विनीला चू चे चो ला, रोहिणीला ओ वा वी वू, मघाला मा मी मू मे, अनुराधाला ना नी नू ने, असं. काही नक्षत्रांवाले नशीबवान, मघावाल्यांना मालोजी, मिहिर, मिलिंद काय हवं ते. पण हस्ताला पू ष ण ठ, आर्द्राला कू घ ङ छ आणि उत्तरा भाद्रपदाला दू थ झ ञ. आता 'ङ' वरून नाव कुणी सुचवलं तर मला जरूर कळवा.

जुन्या लोकांनी याची सोय करूनच ठेवली आहे. पत्रिकेत जे नाव लिहितात ते नावरस नाव, ते फक्त पत्रिकेपुरतं आणि लग्न जमवताना गुरुजींपुरतं, आणि व्यवहारातलं नाव वेगळं. आपल्या आजोबांच्या पिढीत बहुतेकांची अशी दोन नावं होती आणि कुणाचं काही अडलं नाही. त्यामुळे घरात कुणी अडून बसलं असेल तर नावरस नाव त्यांच्या मनासारखं ठेवा, हाकेचं तुमच्या मनासारखं.

पायरी २: बाहेर शोधायच्या आधी घरात आणि गावात शोधा

हे सगळ्यात सोपं आणि लोक हेच करत नाहीत. कुलदैवत कोण, पणजोबांचं नाव काय, गाव कुठलं, एवढं एका कागदावर लिहा, त्यातून दहा-पंधरा नावं तरी सहज निघतात आणि त्यांचे अर्थ खरे असतात.

जेजुरीचा खंडोबा असेल तर मल्हार, मार्तंड, खंडेराव. मल्हारी म्हणजे मल्ल + अरि, मल्ल नावाच्या दैत्याचा शत्रू. मल्हारराव होळकर हे याच भागातले, नीरेकाठच्या होळचे, त्यामुळे हे नाव आपल्याकडे राजघराण्यातही होतं आणि धनगरवाड्यातही. आता कोथरूड-बाणेरला दर तिसऱ्या प्ले-ग्रुपमध्ये एक मल्हार आहे आणि त्यातल्या निम्म्यांच्या आयांना तो पावसाच्या रागावरून वाटतो. वाटू दे, वाईट काही नाही त्यात.

गणपती असेल तर पुणेकरांची चंगळच. अष्टविनायकांतले पाच पुणे जिल्ह्यात आहेत, मोरगाव, थेऊर, रांजणगाव, ओझर आणि लेण्याद्री. मोरेश्वर मोरगावचा, चिंतामणी थेऊरचा. पालीचा बल्लाळेश्वर रायगडात, पण त्याची मजा अशी की तिथे देवाचं नाव भक्तावरून पडलंय, बल्लाळ हा भक्त. आणि हेच बल्लाळ नाव पेशव्यांच्या कागदांत दिसतं, बाजीराव बल्लाळ म्हणजे बाळाजीचा मुलगा बाजीराव.

पेशवे निघालेच आहेत तर एक बघा. बाळाजी विश्वनाथ, त्यांचा मुलगा बाजीराव, त्याचा मुलगा परत बाळाजी, ज्याला आपण नानासाहेब म्हणतो. आजोबाचं नाव नातवाला, ही आपल्याकडची जुनी पद्धत. आता सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा पण नियम, मग सुनेने स्वतःच्या मुलाला हाक कशी मारायची? म्हणून मग नाना, भाऊ, बाबा, आबा, तात्या. घरातल्या या टोपणनावांमागे हे एक मोठं कारण आहे. त्यातलं अण्णा आणि अप्पा तर कानडीतून आलेलं, अण्ण म्हणजे थोरला भाऊ.

आळंदी-देहूवाल्यांना सांगायलाच नको, पण एक गोष्ट बघितली नसेल तर बघा. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता या चार भावंडांची नावं वयाच्या क्रमाने वाचली की आख्खा रस्ताच समोर येतो, आधी निवृत्ती, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना किंवा पायऱ्या, आणि शेवटी मुक्ती. सोपान हे नाव आता कुणी ठेवत नाही, का ते मला कळत नाही, सासवडला सोपानदेवांची समाधी आहे, नाव उच्चारायला सोपं आहे, अर्थ स्वच्छ आहे आणि वर्गात दुसरा सोपान असण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

विठ्ठलाचं सांगायचं तर 'विटेवर उभा तो विठ्ठल' ही फोड आपण सगळे ऐकत आलोय, पण अभ्यासकांमध्ये जास्त चालणारं मत म्हणजे विष्णू या नावाचं कानडी वळण बिट्टि, विट्टि असं होतं, त्यातून विठ्ठल. होयसळ राजा विष्णुवर्धनाचं आधीचं नाव बिट्टिदेव होतं, ते याच जातीचं. पांडुरंगमधला पांडु म्हणजे मात्र पांढरा, आणि मूर्ती काळी. यावर वारकऱ्यांशी वाद घालायला जाऊ नका.

शिवाजी हे नाव शिवनेरीवरच्या शिवाई देवीवरून, १६३० साली महाराजांचा जन्म तिथला, आपल्याच जुन्नर तालुक्यातला, म्हणून शिवाईचं नाव, असं परंपरेने सांगतात. आणि त्यांच्या वडलांचं? मालोजीराजांनी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलं झाल्यावर एकाचं नाव शहाजी ठेवलं, दुसऱ्याचं शरीफजी. मराठी नावं एकाच झऱ्यातून आलेली नाहीत, हे जे कुणी 'शुद्ध' नाव हवं म्हणून हटून बसतात त्यांना सांगा. साहेबराव, दौलत, हैबती, फत्तेसिंग, ही सगळी अरबी शब्दांवरची नावं गावोगाव आहेत आणि ती मराठीच आहेत.

अजून एक जात आहे, दगडू, धोंडू, भिकाजी, केरबा. ज्या घरात मुलं जगत नव्हती तिथे मुद्दाम असं नाव ठेवायचे, दगड-धोंडा, केर, भीक मागून आणलेला, म्हणजे कुणाची नजर लागणार नाही, सटवाई पण दुर्लक्ष करेल. यातलं कुणी आज ठेवणार नाही हे मान्य, पण हसू नका. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो होतं, आणि पुण्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध गणपतीला आपण दगडूशेठच म्हणतो की.

पायरी ३: नाव फोडायला शिका

ही खरी पायरी. चार-पाच युक्त्या कळल्या की अर्ध्याहून जास्त संस्कृत नावं तुम्ही साइट न उघडता सोडवाल.

शेवटी 'एश' ऐकू आला की तिथे ईश लपलेला असतो, ईश म्हणजे स्वामी. गण + ईश गणेश, प्रथम + ईश प्रथमेश. आता ईशच्या आधी कोण आहे ते बघा, रमेश आणि उमेश सारखेच वाटतात ना? रमा म्हणजे लक्ष्मी, तिचा नवरा विष्णू, आणि उमेचा नवरा शंकर. म्हणजे एका घरात रमेश आणि उमेश भाऊ असतील तर एक वैष्णव, एक शैव. आणि हृषीकेश. हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा जो ईश तो हृषीकेश, कृष्णाचं नाव, गीतेत पहिल्याच अध्यायात येतं. आपल्याकडे सर्रास ऋषिकेश लिहितात, त्याची सरळ फोड केली तर ऋषी + केश, म्हणजे ऋषीच्या जटा होतात. गाव तसं लिहितात हे खरं, पण मुलाचं नाव ठेवताय तर ह ला ऋ जोडून हृ लिहायचे कष्ट घ्या.

'एंद्र' ऐकू आला की इंद्र, म्हणजे श्रेष्ठ. नर + इंद्र, देव + इंद्र, राजा + इंद्र. यात जास्त काही नाही.

सुरुवातीला अ आला तर बहुतेक वेळा तो 'नाही' वाला असतो, आणि आपल्याकडे नकारातून केलेली नावं काय सुंदर आहेत. मोजता येत नाही तो अमेय. मोल करता येत नाही तो अमोल. ढळत नाही तो अच्युत. अडवला गेला नाही तो अनिरुद्ध, कृष्णाचा नातू. ज्याचा क्षय नाही, ज्याला भय नाही, ज्याला शोक नाही, सगळी तयार आहेत. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही, कशात अडकून न पडलेला, गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचं वर्णन करताना हा शब्द आलाय, शिवाय पुण्यातले फ्लॅटचे भाव बघता एकदम दूरदृष्टीचं नाव. पुढे स्वर असेल तर अ चा अन् होतो, अन् + अंत अनंत. आणि अन् + ईश अनीश, इथे जरा थांबा, याचा अर्थ 'ज्याच्या वर कुणी मालक नाही' असा होतो आणि 'जो मालक नाही' असाही. तुम्ही पहिला धरा, शेजारी दुसरा धरतील.

शेवटी ज असेल तर जन्मलेला. नीर म्हणजे पाणी, नीरज पाण्यात जन्मलेलं म्हणजे कमळ. पंक म्हणजे चिखल, पंकज पण कमळच. सरोज, जलज, अंबुज सगळी कमळंच. राजीव आणि अरविंद यांत असा ज जोडलेला नाही, तरी तीही कमळंच. एका ऑफिसात नीरज, पंकज, राजीव आणि अरविंद असतील तर तो तलाव आहे.

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती. पहिला स्वर फुगला, म्हणजे अ चा आ किंवा उ चा औ झाला, की 'त्याचा मुलगा' किंवा 'त्याच्या वंशातला' असा अर्थ होतो. रघूच्या वंशातला राघव. यदूचा यादव. वसुदेवाचा मुलगा वासुदेव, म्हणून वा दीर्घ. भृगूच्या कुळातला भार्गव. अत्रींचा मुलगा आत्रेय, म्हणून दत्त + आत्रेय दत्तात्रेय, आपण बोलताना आणि रेशन कार्डावर त्याचं दत्तात्रय केलं ते वेगळं. आणि हा नियम आईला पण लागतो बरं का, ही गंमत पुष्कळ जणांना माहीतच नसते. पृथा म्हणजे कुंती, तिचा मुलगा पार्थ. कुंतीचा कौंतेय. सुमित्रेचा सौमित्र, म्हणजे लक्ष्मण. गंगेचा गांगेय, म्हणजे भीष्म. कृत्तिकांनी वाढवला तो कार्तिकेय. आणि तुमच्या वर्गात जे तीन-तीन आदित्य होते ना, तो आदित्य म्हणजे अदितीचा मुलगा. कुणी 'मुलाच्या नावात आईचं नाव कशाला' असं म्हणालं तर ही यादी वाचून दाखवा.

काही नावांच्या दोन फोडी होतात आणि दोन्ही बरोबर असतात. माधव म्हणजे मधूच्या वंशातला, आणि मा म्हणजे लक्ष्मी, तिचा धव म्हणजे नवरा, तो पण माधव. अशा वेळी भांडू नका, दोन्ही सांगा.

रंगांवरची नावं पण बघून ठेवा. अर्जुन म्हणजे पांढरा, उजळ. अर्जुनाच्या झाडाची साल फिकट असते, ते नाव पण त्यावरूनच. आणि कृष्ण म्हणजे काळा. रथात मागे गोरा, पुढे काळा. बाळ सावळं म्हणून नाक मुरडणाऱ्या एखाद्या काकूंना हे ऐकवायला बरं पडतं, श्याम, घनश्याम, कृष्ण ही सगळी काळ्याचीच नावं आणि तीच सगळ्यात लाडकी.

पायरी ४: साइटवरचा अर्थ कोशात जाऊन बघा

आता ग्रुपवरच्या यादीकडे या. प्रत्येक नाव घ्या आणि कोशात बघा. संस्कृतसाठी आपटे. वामन शिवराम आपटे हे पुण्याचेच, फर्ग्युसनचे प्राचार्य होते, त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० साली निघाला आणि अजूनही तोच उघडायचा. मराठी शब्दासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात, मोबाइलवर पण. छापील हवा असेल तर अप्पा बळवंत चौकात मिळतो.

धायरीला माझ्या मावसभावाकडे असंच बसलो होतो, वहिनीने यादीत 'आरव' वर मोठी टिक केलेली, पुढे लिहिलेलं 'शांत, सौम्य'. मी मोबाइलवर आपटे उघडला आणि तिच्या हातात दिला. रव म्हणजे आवाज, आरव म्हणजे मोठा आवाज, आरडाओरडा, कल्लोळ. ती म्हणाली, असं कसं, पंधरा साइटवर शांत लिहिलंय. आणि तेवढ्यात पाळण्यातून पोराने असा काही सूर लावला की खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी काका गॅलरीत आले. मावसभाऊ म्हणाला, ठेवा हेच. ठेवलं. नाव वाईट नाहीच आहे, फक्त काय ठेवतोय ते माहीत असावं.

'रेयांश' पण फार चालतं. 'विष्णूचा अंश' म्हणून. अंश दिसतोय, पण 'रेय' म्हणजे कोण? त्या अर्थाचा विष्णूसाठी असा शब्द नाही. याच्या जवळचं खरं नाव आहे श्रेयांस, शेवटी स, श नाही. अकरावे जैन तीर्थंकर श्रेयांसनाथ. मूळ शब्द श्रेयस्, म्हणजे जास्त चांगलं, हिताचं. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय अशी जोडी येते, एक हिताचं आणि एक आवडीचं. मग सरळ श्रेयस ठेवा की, छोटं आहे, खरं आहे, मराठी आहे.

'विहान' म्हणजे पहाट हा अर्थ खोटा नाही, पण तो प्राकृत-हिंदीच्या वाटेने आलाय, बिहान म्हणतात तिकडे. 'विवान' ला साइटवाले सूर्याचे किरण म्हणतात, आता सूर्याचं खरं नाव आहे विवस्वान, गीतेचा चौथा अध्याय त्यानेच सुरू होतो, विवान हे फार तर त्याला कात्री लावून केलेलं. 'कियान' म्हणजे 'देवाची कृपा' असं वाचलं असेल तर ते विसरा, हा इराणचा शब्द आहे, कयानी राजांचा, म्हणजे राजे लोक. अर्थ उलट जास्त भारी आहे.

'अनय' जरा सांभाळून. नय म्हणजे नीती, चांगलं वागणं, त्याला अ लागला की अनीती. कोशात तेच लिहिलंय. आपल्या गवळणींमध्ये राधेच्या नवऱ्याचं नाव अनय येतं, त्यामुळे नाव परंपरेत आहे हे खरं, पण साइटवर जे 'कृष्णाचं नाव' म्हणून फिरतंय ते मुळीच नाही, तो बिचारा कृष्णाच्या अगदी समोरच्या पार्टीतला.

'रुद्र' बद्दल पण लोक दचकतात. रुद् म्हणजे रडणे, शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात हीच फोड दिलीय, रडला म्हणून रुद्र. नवजात बाळाला याहून योग्य नाव काय असणार? 'अर्णव' म्हणजे समुद्र, हे साइटवर पण बरोबर असतं. 'अथर्व' म्हणजे न डळमळणारा, ही फोड यास्काच्या निरुक्तातली, म्हणजे वेदांतल्या शब्दांच्या फोडी देणाऱ्या जुन्या ग्रंथातली, थर्व म्हणजे हलणे आणि त्याचा निषेध, म्हणजे आपण मघाशी बघितलेला तोच 'नाही' वाला अ.

मग अशी नावं ज्यांचा प्रवास लांबचा आहे. 'मिलिंद' हे आता काका लोकांचं नाव वाटतं, पण मूळ बघा, मिनँडर नावाचा ग्रीक राजा, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला, वायव्येकडे राज्य करणारा. त्याने नागसेन भिक्खूला प्रश्न विचारले आणि ते पाली भाषेत मिलिंदाचे प्रश्न म्हणून राहिले. बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० साली कॉलेज काढलं त्याला मिलिंद हे नाव दिलं, प्रश्न विचारणारा राजा म्हणून. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा पण होतो, म्हणून ब्राह्मण घरातला मिलिंद आणि बौद्ध घरातला मिलिंद हे एकच नाव दोन वेगळ्या दारांनी आत आलेलं असू शकतं. तसंच 'राहुल', बुद्धाचा मुलगा, आणि बौद्ध परंपरेत त्याचा अर्थ बंधन असा सांगतात, बापाच्या पायातली बेडी. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, राहुल, गौतम, आनंद ही नावं घराघरात आली ती फॅशन म्हणून नव्हे, जुनी लादलेली नावं टाकून देण्यासाठी पण.

'समीर' संस्कृतात वारा आणि अरबीत रात्री गप्पांना सोबत करणारा. 'कबीर' अरबी, म्हणजे थोर. 'साहिल' अरबी, किनारा. 'मिहिर' म्हणजे सूर्य, पण तो इराणी मिथ्र-मिहिर वरून संस्कृतात आलेला, वराहमिहिराच्या नावात तोच. आणि 'सचिन'? तेंडुलकरच्या आधी एस. डी. म्हणजे संगीतकार सचिन देव बर्मन, त्यांच्यावरूनच तेंडुलकरचं नाव ठेवलं हे सगळ्यांना माहीत आहे. पण बंगालीत ते शचीन असं लिहितात, शची म्हणजे इंद्राची बायको, तिचा स्वामी म्हणजे इंद्र. मराठीत येता येता श चा स झाला.

पायरी ५: हाक मारून बघा, मग स्पेलिंग लिहून बघा

यादीत चार-पाच नावं उरली की गॅलरीत उभं राहून खालच्या पार्किंगमध्ये ऐकू जाईल अशी हाक मारा. लाजू नका. 'शौर्य' ची हाक लांब पल्ल्याला नीट जात नाही, 'ओम' ची जाते पण चार घरांतून चार ओम बाहेर येतात. मग आडनावाबरोबर म्हणा. मग चिडवणाऱ्या पोरांच्या डोक्याने विचार करा, त्यांना काय सापडेल ते तुम्हालाच आधी सापडू दे. आणि शॉर्ट फॉर्म काय होणार तेही बघा, अनिरुद्धचा अन्या, हृषीकेशचा हृष्या, प्रथमेशचा पम्या होणारच आहे, पुण्यात 'या' लावल्याशिवाय मैत्री होत नाही.

स्पेलिंगचा घोळ आपल्याकडे तीन जागी होतो. ज्ञ ला आपण डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाले जी-वाय, त्यामुळे ज्ञानेशला दिल्लीत आयुष्यभर 'डनयानेश' ऐकावं लागतं. ऋ ला आपण रु म्हणतो आणि ते रि, म्हणून ऋतुराज आर-यू ने लिहायचा की आर-आय ने हे आत्ताच ठरवा. आणि शेवटचा ए, म्हणजे वेदांत, अथर्व, शार्दूल यांच्या शेवटी ए लावायचा का? माझं मत, जोडाक्षर शेवटी असेल तर लावा, नाहीतर नको. अथर्वला लावा, वेदांतला नको. काहीही ठरवा पण एकच ठरवा आणि तेच सगळीकडे लिहा.

पायरी ६: बारसं आणि नोंदणी

बारसं म्हणजे मुळात बाराव्या दिवशीचं, आता आजी-आजोबांचं तिकीट, हॉल आणि केटरर जुळेल तेव्हा. आईच्या मैत्रिणी पाळण्याखालून-वरून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' करतात, आत्या कानात कुर्र करून नाव सांगते, बदल्यात तिला मान द्यायचा, आणि घुगऱ्या. आत्या नसेल तर आतेबहीण, मावशी कुणीही चालतं. आत्याला नाव आधी नीट सांगून ठेवा, हृषीकेश असेल तर लिहून द्या.

कागदपत्रांचं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला लागते, हॉस्पिटलमध्ये झालं असेल तर ते लोक स्वतः कळवतात. नोंद जिथे जन्म झाला तिथल्या कार्यालयात होते, म्हणजे बाळंतपण माहेरी सांगलीला झालं तर सर्टिफिकेट सांगलीचं, पुणे महापालिकेत हेलपाटे मारू नका. नाव ठरलं नसेल तर डिस्चार्जच्या गडबडीत फॉर्मवर काहीतरी लिहून मोकळे होऊ नका, नावाची जागा रिकामी ठेवता येते. एका वर्षाच्या आत नाव घातलं तर फी लागत नाही, नंतर लेट फी भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. पण उशीर करू नका, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा झालाय.

आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदांवर नावाचा क्रम बदललाय, आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडलांचं, मग आडनाव. आईचं नाव कसं लिहायचं, लग्नाआधीचं का नंतरचं, स्पेलिंग कुठलं, हे तिच्या आधारवर जसं आहे तसंच ठेवा, नाहीतर पुढे शाळेत 'हे आणि ते एकच का' म्हणून ॲफिडेव्हिट मागतात.

दाखला हातात आला की खिडकीपासून हलू नका, तिथेच उभं राहून मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षर-अक्षर वाचा, ऱ्हस्व-दीर्घ, शेवटचा ए, आईच्या नावातली वेलांटी सगळं. ऑपरेटरची टायपिंगची चूक त्याच दिवशी दाखवली तर दुरुस्त करून देतात. तसंच घेऊन घरी गेलात आणि दोन वर्षांनी लक्षात आलं तर अर्ज, पुरावे आणि चकरा, आणि नावच बदलायचं म्हटलं तर थेट गॅझेट. जाताना हॉस्पिटलच्या फॉर्मची झेरॉक्स बरोबर ठेवा, तुम्ही काय लिहून दिलं होतं हे त्यावरून दाखवता येतं.